यंदाच जाऊन या, पुढच्या वर्षी पासपोर्ट लागेल

गास्पेसीला जायचं तर पहिलं काम कॅलेंडर बघण्याचं. हे 1995 साली खरं होतं, आजही खरं आहे. जुलै संपत आला की क्वेबेक प्रांतातली बहुतेक बांधकामं दोन आठवडे बंद पडतात. ही सुट्टी ठरवून दिलेली आहे, 1970 च्या आसपासपासून चालत आलेली. गवंडी, सुतार, क्रेनवाले सुट्टीवर गेले की सिमेंटवाल्यांना आणि लाकडाच्या वखारींनाही काम उरत नाही. मग बाकीचेही त्याच सुमाराला रजा टाकतात, आणि प्रांताचा मोठा हिस्सा गाडीच्या टपावर सायकली बांधून पाण्याच्या दिशेने निघतो. त्या दिवसांत गास्पेसीत खोली शोधायला निघणं म्हणजे रात्र गाडीत काढायची तयारी ठेवणं. त्याच्या आधी 1 जुलै. क्वेबेकमध्ये भाड्याच्या घरांचे बहुतेक करार त्या सुमाराला संपतात, त्यामुळे माँट्रियलमधलं अर्धं शहर त्या दिवशी फ्रिज आणि गाद्या घेऊन रस्त्यावर असतं. म्हणजे शाळा सुटल्यावर, 1 तारीख टाळून आणि बांधकामवाल्यांच्या आधी, अशी एक चिंचोळी फट उरते. आम्ही तेव्हा त्या फटीतून गेलो होतो. यंदाही त्याच फटीतून जायचं घाटतं आहे, फक्त गाडी मुलाची आणि योजना सुनेची.

गास्पेसी हे सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाशी, दक्षिण काठावर पुढे घुसलेलं द्वीपकल्प. आमच्या टोरांटोकडून निघालं की त्याच्या टोकावरचं पेर्से गाव दीड हजार किलोमीटरवर येतं. 132 नंबरचा रस्ता सेंत-फ्लावी या गावापाशी दुभंगतो, अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालतो आणि पुन्हा तिथेच येऊन मिळतो. तो वळसाच साडेआठशे-नऊशे किलोमीटरचा. जाऊन येऊन तीन हजारांवर किलोमीटर, हातात एक आठवडा, मागच्या सीटवर दोन मुलं. हे शक्य आहे असं आम्हाला मराठी मंडळातल्या एका जोडप्याने सांगितलं. ते आदल्या वर्षी जाऊन आले होते. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन त्यांनी आम्हाला सगळा रस्ता समजावला आणि कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर गावांची नावं लिहून दिली. स्पेलिंग अर्थातच ऐकीव. पलीकडे उभे असलेले एक काका म्हणाले, "यंदाच जाऊन या, पुढच्या वर्षी पासपोर्ट लागेल." शरदात क्वेबेकचं सार्वमत होणार हे तोवर सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हाला नागरिकत्व मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. ज्या देशाची शपथ घेतली तो देश वर्षभरात दुभंगेल की काय, ही धास्ती हसण्यावारी नेण्याची ती रीत होती. 30 ऑक्टोबरला निकाल लागला तेव्हा वेगळं व्हायच्या बाजूने 49.42 टक्के मतं पडली होती. काकांचा अंदाज फार चुकला नव्हता.

मंडळात एक वाद मात्र मिटला नाही: वळसा कोणत्या बाजूने घालायचा? एका गटाचं म्हणणं, प्रदक्षिणा आहे, उजवी घाला, आधी उत्तर किनारा. दुसरा गट म्हणे, अहो, इथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, उजवी प्रदक्षिणा घातलीत तर समुद्र सगळा वेळ पलीकडच्या बाजूला राहील. उलट फिरा, म्हणजे पाणी आपल्या खिडकीला. भूगोल दुसऱ्या गटाच्या बाजूने होता. आम्ही तरीही उजवी घातली, कारण सासूबाईंचा फोनवरून तसा आग्रह होता.

मग तयारी. ऑटोमोबाइल असोसिएशनचं सभासदत्व असलं की ते 'ट्रिपटिक' फुकट करून देत. हल्लीच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. हाताच्या पंज्यापेक्षा थोडी रुंद, उभट, वरच्या बाजूला गुंडाळ्या तारेत ओवलेली वही. प्रत्येक पानावर रस्त्याचा एकच तुकडा, जणू बाकीचं जग नाहीच. काउंटरमागची बाई आपल्यासमोर ती पानं निवडून ओवायची आणि जाड मार्करने आपला रस्ता रंगवत जायची. जिथे काम चालू असेल तिथे शिक्का. तो मार्कर कागदावर फिरताना बघणं हीच आमची प्रवासाची सुरुवात. शंभरेक किलोमीटर झाले की पान उलटायचं. ते काम धाकटीकडे होतं, आणि ती एखादं पान उगीचच आधी उलटून "पोचलो!" म्हणायची.

शिवाय क्वेबेकच्या पर्यटन खात्याला फोन केला की प्रत्येक भागाची जाडजूड पुस्तिका टपालाने घरी यायची. त्यात मोटेलांच्या ओळीपुढे बारीक बारीक चिन्हं: पलंग, नळ, कुत्रा, टेलिफोन. मुलांना ती चिन्हं पाठ झाली होती. जेवणाच्या टेबलावर त्या पुस्तिका उघड्या पडलेल्या असत आणि त्यांच्यावर हळदीचे डाग पडत. मोटेलला फोन करायचा तो रात्री, दर उतरल्यावर. पण ठरवलेल्या रात्री मोजक्याच, पेर्सेची आणि परतीच्या वाटेवरची. बाकीच्या रात्री कोऱ्या. चार वाजले की पाट्या बघत जायचं. 'कॉम्प्ले' लिहिलेलं दिसलं की पुढे, नसेल तर थांबायचं. बेत म्हणून एवढाच.

आमच्या ह्यांच्या तोंडून हे सगळं ऐकावं. अलीकडे ते कुणालाही धरून सांगतात: काय ते दिवस, फोन नाही, पत्ता नाही, कुठे झोपायचं ठाऊक नाही, आणि काय मजा! ऐकणारा माना डोलावतो. मीही पूर्वी डोलवायची. आता त्यांच्या गोष्टीत जे येत नाही ते मीच पुरवते. त्या मजेच्या ट्रंकमध्ये इलेक्ट्रिक राइस कुकर होता. बरोबर तांदूळ, मुगाची डाळ, गोडा मसाला, साजूक तुपाची बाटली, शेंगदाण्याची चटणी, दोन दिवस पुरतील इतक्या दशम्या आणि कूलरभर दही. आम्ही शाकाहारी आणि गास्पेसी कॉडवर, खेकड्यांवर आणि कोळंबीवर जगणारी. रस्त्याकडेच्या टपरीत उकडलेल्या वाल-राजम्यासारख्या दाण्यांची बशी दिसली तर त्यात डुकराची चरबी. पूतीन म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, वर चीजचे गोळे, हे ठीक. पण त्यावरची तपकिरी सॉस बहुतेक ठिकाणी मांसाच्या रश्श्याची. म्हणजे रात्रीची खिचडी मोटेलच्या खोलीत. धुराचा भोंगा वाजू नये म्हणून कुकर न्हाणीघरात, पंखा चालू, दार बंद, आणि मी टबाच्या कडेला बसून तांदूळ धुतेय. नऊ वाजता मुलांना जेवायला वाढायचं, टबात भांडी घासायची, सकाळी खोलीला फोडणीचा वास राहू नये म्हणून खिडक्या उघड्या टाकायच्या. समुद्रावरचा वारा जुलैतही तिथे झोंबतो. कोऱ्या रात्रीची किंमत कोण मोजत होतं ते या मजेच्या गोष्टीत कधी आलं नाही.

तेव्हा मला तो नकाशा परत नको, ती अनिश्चितता तर अजिबात नको. पण एक गोष्ट गेली आहे, आणि ती फोनने नेली आहे.

आमचा थोरला तेव्हा दहा वर्षांचा. ऑन्टारिओच्या शाळांत चौथीपासून फ्रेंच शिकवतात, म्हणजे त्याच्या गाठीला वर्ष-दीड वर्षाचं फ्रेंच होतं: रंग, वार, प्राणी, 'मी बाथरूमला जाऊ का?' एवढंच. घरात दुसऱ्या कुणाला तेही येत नव्हतं. निघण्याआधी आठवडाभर त्याने एका कागदावर वाक्यं लिहून काढली, शाळेतल्या बाईंकडून तपासून आणली. सेंत-आन-दे-माँच्या अलीकडे, उत्तर किनाऱ्यावरच्या एका मोटेलात तो कागद पहिल्यांदा वापरला. काउंटर उंच, याची हनुवटी जेमतेम वर. मागे एक म्हाताऱ्या बाई, विणकाम बाजूला ठेवून उठलेल्या. याने कागदावरचं पहिलं वाक्य वाचलं. त्यांनी भरभर काहीतरी उत्तर दिलं. गास्पेसीतलं बोलणं शाळेतल्यासारखं नसतं. हा गप्प. मग त्या बाईंनी दोन्ही कोपरं काउंटरवर टेकली, चेहरा याच्या चेहऱ्यापाशी आणला आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं. याने मान हलवली, काहीतरी बोलला, किल्ली घेतली. "काय म्हणाल्या?" हे विचारत होते. "सहा नंबर," एवढंच म्हणून तो पुढे चालायला लागला. त्या बाईंनी समुद्राकडची खोली हवी की रस्त्याकडची असं विचारलं होतं आणि याने समुद्राकडची सांगितली होती. ती दहा डॉलरने महाग आहे हे आम्हाला सकाळी कळलं.

त्या आठवड्यात घराचा कारभार त्याच्या हातात होता. पेट्रोल पंपावर, बेकरीत, पेर्सेच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं काढताना, सगळीकडे आम्ही दोघं मागे आणि तो पुढे. ज्या बापाला टोरांटोत बँकेतल्या पोरी "पार्डन?" म्हणून एकच वाक्य तीनदा बोलायला लावत, तो बाप इथे मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभा असायचा. आणखी एक गंमत. आमच्यासारखीच टोरांटोकडून आलेली गोरी कुटुंबंही त्याच काउंटरांपाशी हातवारे करत होती. त्यांचं इंग्रजी अस्खलित, पण गास्पेसीच्या उत्तर किनाऱ्यावर त्याला भाव नाही. न समजणाऱ्यांच्या रांगेत आम्ही पहिल्यांदा त्यांच्या शेजारी उभे होतो, आणि आमच्याकडे पोरगा होता.

दक्षिण किनाऱ्यावर गेल्यावर त्याची मक्तेदारी संपली. शालर उपसागराच्या काठाने फ्रेंच गावांच्या मधूनमधून इंग्रजी बोलणारी गावं आहेत: अमेरिकन क्रांतीनंतर ब्रिटिश राजाशी निष्ठा ठेवून इकडे आलेल्यांची, आयरिश लोकांची, जर्सी बेटावरून कॉडच्या व्यापारासाठी आलेल्यांची. मिगमाक आदिवासी तर या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून. न्यू कार्लाइल हे असंच इंग्रजी वळणाचं गाव, आणि क्वेबेक वेगळं करायची चळवळ ज्यांनी उभी केली ते रने लेवेक लहानाचे मोठे झाले ते नेमके तिथेच. मंडळातल्या काकांना हे परतल्यावर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शेजाऱ्यांना जवळून पाहिलं असेल त्यांनी."

आता यंदाचं. सुनेने जानेवारीतच एक्सेल उघडलं. सात दिवस, सात रंग. कुठे मुक्काम, रद्द करायची शेवटची तारीख, गाडी विजेची असल्यामुळे चार्जिंगची ठिकाणं, कुठल्या हॉटेलात मांसाशिवाय पूतीन मिळतं, माझ्या गुडघ्याला कुठली पायवाट झेपेल. हायड्रो-क्वेबेकने 2012 मध्ये चार्जिंगचं जाळं सुरू केलं, आता गास्पेसीतही वाटेत चार्जर भेटतात. माँट्रियल शहरात शिरायचीही गरज नाही. त्याच वर्षाच्या शेवटी 30 नंबरचा बाहेरून जाणारा रस्ता पुरा झाला, पुलावर टोल भरला की थेट पलीकडे. पूर्वी माँट्रियलच्या पुलांच्या गुंत्यात आमच्या ट्रिपटिकची पानं घामाने ओली व्हायची आणि घरातली शांतता भंगायची. हे सगळं सुधारलं, आणि मी त्याबद्दल कुरकुर करणार नाही. मेन्यूवर फोन धरला की चरबी आहे की नाही ते कळतं. राइस कुकर यंदा घरीच राहणार.

फक्त कोरी रात्र एकही नाही. 2020 च्या उन्हाळ्यात, महासाथीमुळे बाहेर कुठे जाता येईना तेव्हा, अख्खा क्वेबेक गास्पेसीत उतरला. किनाऱ्यांवर तंबू आणि गाड्यांची इतकी गर्दी झाली की गावकरी वैतागले. तेव्हापासून चार वाजता पाट्या बघत जायचा धीर कुणाला होत नाही. माहिती सगळ्यांकडे आली, तशी ती सगळ्यांकडे एकाच वेळी आली. सगळ्यांना त्याच खिडकीतून तोच पेर्सेचा खडक बघायचा आहे. फोनला रस्ता विचारला तर तो सरळ 20 नंबरच्या महामार्गावर घालतो. कामुरास्काची नदीकाठची घरं, पुढे झुकलेली त्यांची छपरं, सगळं मागे पडतं. त्रुआ-पिस्तोलच्या पुढे रिमूस्कीच्या अलीकडे तो महामार्ग अजूनही तुटलेलाच आहे, म्हणून तिथे झक मारत सगळे 132 वर येतात. तो तुकडा सरकारने कधीच जोडू नये असं माझं मत आहे. ट्रकमागे तासभर अडकलेल्यांना ते पटणार नाही.

काही बाबतींत तर आत्ताचं जाणं आधीपेक्षा डोळस आहे. द्वीपकल्पाच्या टोकाला फोरियों राष्ट्रीय उद्यान आहे, 1970 सालचं. तेव्हा आम्ही तिथलं हायमन यांचं जुनं दुकान बघून, लाकडी फळ्या, कॉड सुकवण्याचे ओटे बघून खूश झालो. गाव किती छान राखलंय म्हणालो. ते उद्यान करण्यासाठी दोनशेहून अधिक कुटुंबांना घरातून उठवलं, त्यांची घरं पाडली, जाळली, हे कळलं ते फार उशिरा. 2011 साली कॅनडाच्या संसदेने त्याबद्दल माफी मागितली तेव्हा. धरणग्रस्तांच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्या माणसाला ही गोष्ट कशी दिसते ते सांगायला नको. यंदा नातीला ते दुकान दाखवायचं आहे, पण आधी ही गोष्ट सांगून.

पेर्सेसमोरच्या बोनाव्हेंचर बेटावर गॅनेट पक्ष्यांची लाखभराची वसाहत असते. तेव्हा तिथे पोचण्याआधी अर्ध्या किलोमीटरवरून वास आला होता, मग आवाज, मग झाडं संपली आणि पुढे सगळा उतार पांढरा. धाकटीने नाक धरलं आणि डोळे मोठे केले, दोन्ही एकदम. 2022 मध्ये बर्ड फ्लूने त्यांतले पुष्कळ पक्षी मेले. सुनेच्या तक्त्यात त्या पायवाटेपुढे 'आई - बोटीतूनच?' असं लिहिलं आहे. मी ते खोडलं आहे. तिने पुन्हा लिहिलं आहे.

एक सूचना मात्र तक्त्यात माझी गेली, आणि ती मान्य झाली. शालर उपसागर अरुंद आहे, पलीकडे न्यू ब्रन्सविक, आणि तिथलं घड्याळ एक तास पुढे. कार्लतों वगैरे गावांत फोन कधीकधी पलीकडचा टॉवर पकडतो आणि गुपचूप तासभर पुढे जातो. सकाळी नाश्त्याला गेलं तर स्वयंपाकघर बंद. म्हणून त्या दोन दिवसांपुरतं तरी मनगटावर जुनं घड्याळ बांधायचं. यांनी कपाटातून आपलं एचएमटी काढून किल्ली देऊन ठेवलं आहे, आणि त्या किल्लीवर सध्या घरात पुष्कळ बोललं जातं.

राहिली नात. नऊ वर्षांची, फ्रेंच इमर्शनच्या शाळेत. तिचं फ्रेंच बापाच्या त्या कागदापेक्षा कितीतरी पुढचं. ती फ्रेंचमध्ये गणित करते, भांडते. पण या सगळ्या तयारीत तिला कुणी काहीच विचारलं नाही. खोल्या वेबसाइटवर, तिकिटं वेबसाइटवर, पाटी फोन वाचणार. मी हे सुनेला म्हटलं. ती म्हणाली, "पण आई, तिला ओझं का?" तिचंही खरं आहे. दहा वर्षांच्या मुलाला आठवडाभर घर चालवायला लावणं कुणाला आवडतं? थोरल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मला रोज पोटात गोळा यायचा, आई." हे त्याने तीस वर्षांनी सांगितलं. आणि लगेच पुढे: "पण ती सहा नंबरची खोली मीच घेतली होती."

शेवटी तडजोड झाली. एका मुक्कामी घरगुती व्यवस्था आहे, बाई स्वतः नाश्ता करून देतात. मांस चालत नाही हे वेबसाइटच्या चौकटीत लिहून झालं होतं, उत्तर नव्हतं. मी म्हटलं, हिला फोन करू द्या. रविवारी तिने केला, स्पीकरवर नाही, कानाला लावून, खिडकीपाशी जाऊन. आम्ही सगळे सोफ्यावर. बराच वेळ हसणं चाललं होतं. फोन ठेवल्यावर म्हणाली, त्या विचारत होत्या, अंडं चालतं का. "मग काय सांगितलंस?" आमचे हे.

"सांगितलं, आजी खात नाही. आजोबा खातात, पण आजीसमोर नाही. त्या म्हणाल्या, मग त्यांना आधी उठवते."

यांनी पेपर तोंडापुढे धरला. सून हसायची थांबेना. तक्त्यात त्या दिवसापुढे आता लिहिलं आहे: नाश्ता, पावणेसात, फक्त आजोबा.